कड्यावरचा पांढरा बाण

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की चंडीगडचं धुकं एका सकाळी न सांगतासवरता निघून जातं. महिना-दीड महिना समोरच्या क्वार्टरची खिडकीसुद्धा दिसत नसते, आणि एक दिवस दूध घ्यायला दार उघडावं तर उत्तरेला अख्खी डोंगररांग उभी. रजया गच्च्यांवर येतात. कुणीतरी उन्हाकडे पाठ करून मटार सोलत बसलेलं असतं. चौकाचौकांतल्या गोल बगिच्यांत फुलांचे ताटवे उघडतात आणि शहर त्यांच्यापुढे उभं राहून स्वतःचे फोटो काढायला लागतं. इथे बदली होऊन आल्यापासूनचा हा माझा तिसरा फेब्रुवारी. पहिला मला फार आवडला होता.

आता मात्र धुकं उठलं की माझी नजर सरळ मोरनीच्या डोंगरांकडे जाते आणि डोकं तापायला लागतं. वर्ष झालं, राग उतरलेला नाही. भाजी चिरताना येतो, शाळेत वह्या तपासताना येतो. माझा नवरा समीर म्हणतो, "अगं, एका पक्ष्यावरून किती दिवस?" तो एअर फोर्समध्ये आहे. त्याच्या लेखी पक्षी म्हणजे धावपट्टीच्या आसपास नसावी अशी वस्तू. मी त्याच्याशी वाद घालत नाही. या रागातला निम्मा वाटा माझा माझ्यावरच आहे, आणि हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

यंदा तर जानेवारी संपता संपता आमच्या गिर्यारोहण क्लबच्या ग्रुपवर निरोप आला. "इस साल रॉक पर पक्षी नहीं हैं, इसलिए रॉक पूरे सीज़न खुला रहेगा. सब मेंबर फ़ायदा उठाएँ." खाली अंगठ्यांची रांग. पक्षी नाहीत म्हणे! जसं काही त्यांचीही कुठेतरी बदली झाली, सामानाचे खोके भरून गेले बिचारे. मी फोन ओट्यावर इतक्या जोरात आपटला की काचेला चीर गेली. ती चीर अजून आहे.

ज्याला क्लबची मंडळी नुसतं 'रॉक' म्हणतात तो मोरनीच्या वाटेवरचा एक कडा आहे. मुख्य रस्ता सोडून पाऊण तास चालायचं, मग समोर शंभर-सव्वाशे फुटांची वाळूखडकाची भिंत. सकाळी पिवळट, दुपारी भाजलेल्या भाकरीच्या रंगाची. क्लब लहानसाच. काही निवृत्त फौजी, सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेतले दोन-तीन इंजिनिअर, कॉलेजची मुलं. रविवारी सकाळी सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडसमोर जमायचं, चहा घ्यायचा आणि गाड्यांतून निघायचं. दोर टाकायचे, दुपारपर्यंत चढायचं, घरी यायचं. माझी मुलगी जुई तिथेच चढायला शिकली. मी चढत नाही. मी खाली सावलीत बसून सगळ्यांसाठी संत्री सोलते आणि समीरची जुनी दुर्बीण लावून झाडंपाखरं बघते.

गेल्या वर्षी जानेवारीत अशीच बघत होते. कड्याच्या वरच्या बाजूला एक कपार आहे, वर दगडाचं छप्पर आणि पुढे हातभर रुंद ओटा. त्या कपारीखाली पांढरे ओघळ आलेले दिसले. ताजे, लांब, एकाशेजारी एक. ते बघून मला आमच्या गावचा कडा आठवला.

मी अकोल्याची. म्हणजे नगर जिल्ह्यातलं अकोले. हे इथे प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं आणि कुणाला काही फरक पडत नाही. माझ्या लहानपणी गावामागच्या कड्यावर गिधाडं बसायची. त्यांच्या विष्ठेने कड्यावर पांढरे पट्टे उठलेले असायचे, आमच्या अंगणातून स्वच्छ दिसायचे. रोज सकाळी दात घासताना मी त्या कड्याकडे बघायची. गिधाडं कधी गेली, कुणी सांगू शकत नाही. मीही नाही, आणि मी तर रोज बघत होते! पट्टे दिसायचे, म्हणून आम्ही धरून चाललो की गिधाडं आहेत. पुढची कितीतरी वर्षं पट्टे होतेच. मग एका पावसाळ्यानंतर तेही धुऊन गेले, तेव्हा माझे वडील अंगणात उभे राहून म्हणाले, "अरे, ही गेली की." ते शाळामास्तर होते, मुलांना हजेरीत एक दिवस चुकू देत नसत. त्यांच्या तोंडचं ते वाक्य मला तेव्हाही आवडलं नव्हतं. गावातल्या एकाही माणसाने, माझ्यासकट, साधी चौकशी केली नव्हती.

म्हणून मोरनीच्या कड्यावर ते ओघळ दिसले तेव्हा मी ठरवलं की या वेळी आपलं लक्ष असणार.

शाहीन ससाण्याची जोडी होती. पाठ पाटीसारखी काळसर, पोट तांबूस. नर लहान, मादी त्याच्या दीडपट. तो कबुतर मारून आणायचा, ती हवेतच उलटी होऊन त्याच्या पायांतून ते काढून घ्यायची. शाहीन घरटं बांधत नाही. कपारीतली माती पायांनी उकरून खळगा करते आणि त्यातच अंडी घालते. एकदा जागा पटली की वर्षानुवर्षं तीच. आम्ही बदलीवाली माणसं, दर तीन वर्षांनी नव्या भिंतीवर खिळे ठोकणारी. मला त्या गोष्टीचा हेवा वाटला. तिला लागतं काय, तर फेब्रुवारीपासून मेपर्यंत कुणी जवळ येऊ नये. दोरावरचा माणूस कपारीजवळून गेला की ती उडते, अंडी गार पडतात, आणि डोमकावळे तर टपलेलेच असतात.

क्लबची बैठक कर्नलसाहेबांच्या लॉनवर झाली. कर्नलसाहेब आमच्या क्लबचे सेक्रेटरी. निवृत्त, सत्तरीच्या पुढचे, लॉनवरच्या साध्या बैठकीलाही बूट असे चकाकणारे की त्यात आपला चेहरा दिसावा. मी उभी राहून माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. एक इंजिनिअर म्हणाला, "मैडम, एक चिड़िया के लिए पूरा सीज़न?" त्याचंही खरं होतं. इथे चढायचे दिवस म्हणजे हेच. पुढे खडक तापून हात भाजतात. कुजबूज सुरू झाली. कर्नलसाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लेडी इज़ एक्सपेक्टिंग. रॉक बंद. फ़रवरी से मई. कोई सवाल?"

कुणाचाही सवाल नव्हता. घरी येऊन मी आनंदाने शिरा केला. माझ्या एका बोलण्याने काही बंद झाल्याची आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

शिरा जुईने खाल्ला नाही. तिची दहावी होती. बोर्डाची परीक्षा संपली की रोज रॉकवर न्यायचं, असं मी तिला वर्षभर गाजर दाखवलं होतं. अभ्यासाच्या टेबलासमोर तिने कड्याचं चित्र काढून त्यावर चढायच्या वाटा लाल पेनाने आखून ठेवल्या होत्या.

"आई, आपने मुझसे एक बार पूछा भी नहीं."

जुईला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र हिंदीत येतं, भांडताना तर हमखास.

"अगं, पुढच्या वर्षी..."

"अगले साल हम यहाँ होंगे भी कि नहीं, किसको पता यार!"

तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी रविवार होता. मी कड्यासमोरच्या टेकाडावर बसायला निघाले. तिथून कपार नजरेच्या पातळीत येते आणि मध्ये अख्खी दरी असल्याने त्यांना आपला त्रास होत नाही. जुई आपणहून गाडीत येऊन बसली. वर पोचल्यावर तिने माझ्या हातातली दुर्बीण घेतली आणि अर्धा तास परत दिली नाही.

"ये तो हिलती ही नहीं."

"अंड्यांवर बसलीय."

"कब तक?"

"महिनाभर तरी."

"पागल है," जुई म्हणाली, पण आवाज खाली आला होता. घरी आल्यावर तिने परीक्षेच्या वेळापत्रकात, विज्ञान आणि गणिताच्या पेपरांच्या मागे, एप्रिलच्या एका चौकटीत पेन्सिलीने लिहिलं, 'बच्चे.'

आता जे झालं ते कळायला गेरू-चुना कळला पाहिजे. ज्याने कॅन्टोनमेंटमध्ये चार दिवस काढलेत त्याला सांगायला नको. मोठे साहेब येणार असले की आठवडाभर आधी बादल्या निघतात. झाडांच्या बुंध्यांना खाली गेरू, वर चुना. रस्त्याकडेच्या विटांना एकाआड एक गेरू आणि चुना. कुंड्या, दगड, नळाचे कट्टे, काही म्हणून सुटत नाही. आमच्या पहिल्या क्वार्टरमध्ये मी परसात पाटा वाळत ठेवला होता, दुपारी झोपून उठते तर त्याला पांढरी किनार. मला या सगळ्याची गंमत वाटायची. जे जपायचं, ज्याचा मान ठेवायचा, ते रंगवून चकचकीत करायचं, हा त्यामागचा सरळ भाव. त्यात खोट काही नाही. त्यामुळेच तर राग धड कुणावर काढताही येत नाही.

बैठकीत मी एक छोटी पाटी मागितली होती. कड्यापासून लांब, पायवाट सुरू होते तिथे, एवढ्यासाठी की बाहेरची मुलं चुकून येऊ नयेत. मी स्वतः इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये जाऊन चौकशीही करून आले. कर्नलसाहेब म्हणाले, "मैडम, आप बच्ची के एग्ज़ाम देखिए. बोर्ड हम पर छोड़िए. पक्का काम होगा." आणि मी सोडलं. हा तो माझा निम्मा वाटा.

मार्चचा पहिला रविवार. दुसऱ्या दिवशी जुईचा पेपर, म्हणून मी घरी होते. साडेअकराला ग्रुपवर फोटो यायला लागले. पहिल्या फोटोत कड्याचा पाया एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंगवलेला, खाली गेरूचा पट्टा, वर चुन्याचा. दुसऱ्यात कड्याला ड्रिलने भोकं पाडून बोल्ट मारून बसवलेली भलीमोठी पत्र्याची पाटी. 'सावधान. शाहीन का घोंसला. कृपया शांति बनाए रखें.' तिसऱ्या फोटोत पाटीच्या वर, माणसापेक्षा उंच, पांढराशुभ्र बाण. टोक थेट कपारीकडे. घरटं नेमकं कुठे आहे याबद्दल कुणाची चुकून गैरसमजूत व्हायला नको ना! तो बाण रंगवायला हवालदार बलबीर, कर्नलसाहेबांच्याच पलटणीतले जुने जवान, कड्याच्या माथ्यावरून दोराने उतरले होते. कपारीच्या कडेनेच उतरावं लागतं, दुसरी वाट नाही. चौथ्या फोटोत समोसे आणि जिलेबी. पाचव्यात सगळे हात मागे बांधून रांगेत उभे, मध्ये ब्लेझर घातलेले कर्नलसाहेब. फोटोच्या वरच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका होता. लेन्सवरची धूळ वाटावी असा. मी तो बोटांनी मोठा करून बघितला.

लगेच कर्नलसाहेबांचा नंबर लावला. फोन केला.

"सर, वहाँ शोर तो नहीं हुआ?"

"बिल्कुल डिसिप्लिन में काम हुआ, मैडम! बस ड्रिल की थोड़ी आवाज़. जनरेटर भी दूर रखवाया था. तीन घंटे में सब निपटा दिया."

त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं की मी "थँक यू, सर" म्हणून फोन ठेवला. हो, थँक यू म्हटलं. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

बुधवारी शाळेतून अर्धी रजा टाकून मी टेकाडावर गेले. कपारीत मादी नव्हती. पहिल्यांदाच अंडी उघड्यावर दिसली. तीन होती. शाहीनची अंडी विटकरी असतात हे मी वाचलं होतं, पण दुर्बिणीतून बघताना मला तो रंग ओळखीचा वाटला. हुबेहूब गेरू. शेजारी डोमकावळा बसला होता. तासाभराने दोन झाले. त्यापुढे मी दुर्बीण डोळ्यांना लावली नाही.

घरी आल्यावर जुईने विचारलं, "बैठी है ना?"

तिचा गणिताचा पेपर दोन दिवसांवर होता. मी म्हटलं, "हो, बसलीय."

शेवटचा पेपर झाल्यावर खरं सांगितलं. मला वाटलं, आरडाओरडा करेल. तिने वेळापत्रकाचा कागद भिंतीवरून काढला, चार घड्या घातल्या आणि म्हणाली, "आपने झूठ बोला." बस. एवढंच. परीक्षेनंतरच्या त्या सगळ्या रिकाम्या दुपारी तिने पंख्याकडे बघत काढल्या. रॉक बंद होता ना! मे संपेपर्यंत रॉक कडेकोट बंद होता. कपारीत कुणी नव्हतं, आणि कड्याला एकाही माणसाने हात लावला नाही. असं पालन या देशात लाल सिग्नलचंही होत नसेल.

जूनमध्ये क्लबच्या वार्षिक चहापानात अहवाल वाचला गेला. बंदीचं शंभर टक्के पालन, एकही उल्लंघन नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सवयीने. दोन टाळ्या वाजवून झाल्यावर लक्षात आलं आणि हात मांडीखाली घेऊन बसले.

मला सांगा, आपल्याला गप्प बसायचं काम का जमत नाही? कुणी मोठा माणूस येणार म्हणून आपण तास-तास रस्ते अडवतो, अँब्युलन्ससुद्धा खोळंबते, तेव्हा कुणी विचारत नाही की एका माणसासाठी एवढं? आणि एका जिवाला फक्त एकटं सोडायचं म्हटलं, तर आपल्याला पाटी लागते, बाण लागतो, फोटो आणि जिलेबी लागते. त्या शाहीनला आमच्याकडून काहीही नको होतं. रंग नको, सन्मान नको, शांतता राखा म्हणून सांगणारी पाटी नको, आणि तीही ड्रिलने ठोकलेली. तिला हवं होतं की आम्ही येऊ नये. पण न जाणं हे आपण काम धरतच नाही. न गेल्याचा फोटो निघत नाही, न गेल्याचा अहवाल वाचता येत नाही. मलाही तर पाटी हवीच होती. घरी बसून नुसतं लांबून बघत राहणं मला तरी कुठे पुरेसं वाटलं?

तर यंदाचा तो निरोप वाचून मी थेट कर्नलसाहेबांच्या घरी गेले. ते लॉनवर ऊन खात बसले होते. नमस्कार-चमत्कार काही नाही, मी उभ्याउभ्याच सुरू झाले.

"सर, पक्षी नहीं हैं ऐसा मत लिखिए. पक्षी थे. हमने भगाए."

"मैडम, किसीने एक बार भी क्लाइंब नहीं किया..."

"क्लाइंब नहीं किया, सर. ड्रिल किया. समोसे खाए. बाण बनाया!" बाणाला हिंदीत तीर म्हणतात हे रागाच्या भरात सुचलं नाही. मग फोनमधला तो पाचवा फोटो काढला, मोठा केला आणि ठिपका त्यांच्या चष्म्यासमोर धरला. "ये देखिए. ये वो है. आप सबके सर के ऊपर चिल्ला रही है, और आप लोग स्माइल कर रहे हैं."

त्यांनी फोन हातात घेतला. चष्मा वर सारून फोटो डोळ्यांजवळ नेला. घरातून चहा आला, तो निवला.

"मैंने तो अच्छा ही सोचा था," ते म्हणाले. आवाज अगदी साध्या म्हाताऱ्या माणसाचा.

"पता है, सर. वही तो."

मी आणखी एक मागणी घातली. रंग निघाल्याशिवाय रॉक उघडायचा नाही. पट्टा, बाण, पाटी, सगळं निघालं पाहिजे, आणि ते मी काढणार. त्यांनी मान हलवली. ग्रुपवर नवा निरोप गेला, 'मेंटेनन्स का काम पूरा होने तक रॉक बंद.' यावर कुणी हूं की चूं केलं नाही. पक्ष्यासाठी बंद म्हटल्यावर लोकांना शंका येतात, मेंटेनन्स म्हटलं की सगळ्यांना पटतं.

आधी दोन दिवस टेकाडावर बसून खात्री करून घेतली. कपार रिकामी होती. मग पुढचे तीन रविवार मी, जुई आणि बलबीर. पाटी पहिल्या दिवशीच उतरवली. तारेच्या ब्रशने खडक खरवडतो, म्हणून काथ्याचे ब्रश घेतले. खालच्या ओढ्यातून डबे भरून पाणी आणायचं, भिजवायचं, घासायचं. चुना निघता निघेना. बलबीर ओशाळून म्हणाले, "मैडम जी, मैंने इसमें गोंद डाला था. पक्का रहे इसलिए." मी म्हटलं, "हो, दिसतोय डिंक." त्यांना मराठी कळत नाही, पण अर्थ पोचला असावा, कारण दिवसभर सगळ्यांत जास्त त्यांनीच घासलं. गेरूचं लाल पाणी माझ्या चपलांत शिरत होतं. मनात सारखं येत होतं, आपण तरी काय करतोय, ऐन हंगामात माणसं आणि दोर घेऊन पुन्हा आलोच की इथे. पण बाण तसाच ठेवला असता तर येणाराजाणारा प्रत्येक जण त्या टोकाच्या दिशेने दगड भिरकावत राहिला असता.

तिसऱ्या रविवारी जुई दोरावर होती, बाणापाशी. दोराचं खालचं टोक बलबीरच्या हातात. अर्धा बाण घासून झाला होता, ओल्या खडकावरून चुन्याचे ओघळ खाली येत होते. तिचा हात थांबला. बाणाच्या टोकाच्या वर, जिथे बलबीरचा ब्रश कधी पोचलाच नव्हता, तिथे एक पांढरी रेघ होती. तिने बोट लावलं, बोट नाकापाशी नेलं, वर कपारीकडे बघितलं. मग वाकून, अगदी हळू आवाजात, माझ्याकडे बघून म्हणाली,

"आई, हा चुना नाहीये."

मराठीत. बलबीरना कळू नये म्हणून. घरच्या भाषेचा असा उपयोग तिने सोळा वर्षांत पहिल्यांदा केला.

माझ्या पायाशी, दगडांच्या फटीत, कबुतराची पिसं पडली होती. सकाळपासून मी त्यांच्यावर बादली ठेवत होते.

"खाली ये," मी म्हटलं. बलबीरना सांगितलं, "आज बस, भाईसाहब. ब्रश घिस गए." पाच मिनिटांत दोर गुंडाळला, डबे उचलले. एक बादली आणि दोन ब्रश मात्र मी पायवाटेच्या तोंडाशी ठेवून आले, येणाऱ्याला काम अर्धवट राहिलेलं दिसावं म्हणून.

बुधवारी आम्ही दोघी टेकाडावर गेलो. पाऊण तास काही नाही. मग कड्याच्या माथ्यावरच्या वाळक्या झाडावर एक शाहीन येऊन बसला. नर. मान वळवून बराच वेळ कपारीकडे बघत राहिला, उतरून आत गेला, बाहेर आला, उडून गेला. गेल्या वर्षीचाच की दुसरा, सांगता येत नाही. मादी दिसली नाही. ती येईल, या खडकावर तिचा जीव बसेल, असं छातीठोकपणे कोण सांगणार? खाली बाणाचं खोडच तेवढं उरलं होतं, टोक गेलं होतं.

समीरची बदलीची ऑर्डर आली आहे. जूनमध्ये आम्ही इथून जाणार. हॉलमध्ये खोक्यांची थप्पी लागलीय. त्यांतल्याच एकावर बसून मी काल संध्याकाळी चहा पीत होते, तेव्हा कर्नलसाहेबांचा मेसेज आला.

"मैडम, प्रोग्रेस? मेंबर्स पूछ रहे हैं, रॉक कब खुलेगा."

मी लिहिलं, "सर, चूना बहुत पक्का बैठा है. मई के आख़िर तक लगेगा. तब तक कोई न आए, पत्थर गिर रहे हैं."

पाठवण्याआधी जुईने माझ्या खांद्यावरून वाचलं.

"आई, आप फिर झूठ बोल रही हो."

"हो."

तिने जरा विचार केला. "पत्थर के आगे 'बड़े' लिखो."

लिहिलं. पाठवलं. समोरून लिहिणं सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"इतना चूना तो हमने लगाया ही नहीं था, मैडम."

मी चहाचा पेला खाली ठेवला. जुईने माझा दंड धरला. पडद्यावर चिरेच्या खाली पुन्हा अक्षरं उमटली.

"मई तक रॉक बंद. आप बेफ़िक्र रहिए, ग्रुप पर मैं लिख देता हूँ. और मैडम, कोई फ़ोटो मत भेजिएगा."